होडीची ओटी

धारच्या तळ्याकाठचं जुन्या होड्यांचं संग्रहालय नव्यानं बांधायचं ठरलं आणि आमच्या आईची झोप उडाली. गळकी शेड जाणार, काचेची इमारत येणार, इथवर तिची तक्रार नव्हती. पण बांधकाम होईस्तोवर होड्या दुरुस्तीला देवासच्या कारखान्यात जाणार होत्या, आणि त्यातली छत्रीवाली होडी ‘आपली’ होती. आपली म्हणजे काय, तर आजोबा संस्थानच्या नोकरीत होते आणि मराठी मंडळींचा गणपती विसर्जनाला त्या होडीतून तळ्यात जायचा. बाकी आमच्या अख्ख्या खानदानात पोहता कोणालाच येत नाही.

“रिपेअरिंगला गेलेली चीज परत येते का कधी? आपला मिक्सर बघ,” आई म्हणाली.

मी पुण्याहून सुट्टीवर आले होते. म्हटलं, “मग काय, ट्रकसमोर आडवी पडणार आहेस?”

आडवी नाही पडली. तिनं होडीची ओटी भरायचं ठरवलं. माहेरून निघालेल्या लेकीची ओटी भरली की ती परत येते, हे तिचं शास्त्र. होडीला पदर नसतो, अशी शंका मी काढून पाहिली. “फळीवर भरते,” उत्तर तयारच होतं.

होडी ट्रकवर चढवायच्या आधी ती ठेवणीतली साडी नेसून खण, नारळ, तांदूळ घेऊन हजर. होडीच्या नाकाला हळदकुंकू लागलं तसे कामावरचे एक दाढीवाले इंजिनिअर धावत आले. “आंटीजी, चावल मत डालिए, चूहे आएँगे!”

“गणपती की नाव है, चूहे तो आएँगे ही,” म्हणत आईनं आणखी एक मूठ घातली. ट्रक ड्रायव्हरनं तर चक्क हात जोडले. मला लाज वाटत होती आणि हसूही आवरत नव्हतं.

इंजिनिअरांनी हार मानली. समजुतीच्या सुरात म्हणाले, “दो-तीन महीने की बात है, आंटीजी. फिर यहीं आएगी, मेरी गारंटी.”

आईनं माझ्याकडे बोट केलं. “गारंटी तो इसने भी दी थी, भिया. बोली थी, दो साल नौकरी करके धार लौट आऊँगी. अब इसके बच्चे भी पूना के हो गए.”

ड्रायव्हर हसला, इंजिनिअर हसले. मीही हसायला गेले. पण आईच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती होडीकडे बघत नव्हती.