न चाखलेल्या झाडांचा कवी

कवींना नशेचा नाद आहे, यावर गल्लीत कोणाचंच दुमत नव्हतं. जो माणूस तंबाखू, भांग, धोतरा, कॉफी असल्या झाडांवरच कविता करतो, तो स्वतः कोरडा राहील कसा, हा लोकांचा साधा हिशेब. त्यातून कवी चालायचे जरा तिरके, बोलता बोलता मधेच थांबून भिंतीकडे बघत राहायचे, आणि डोळे तर जन्मापासूनच तांबूस. एवढा पुरावा गल्लीला पुरेसा होता. खरी गोष्ट अशी की या माणसाला साधा चहासुद्धा सोसत नसे. अर्धा कप पोटात गेला की दिवसभर छातीत जळजळ. कोणाकडे गेले की ते गरम पाणी मागून घेत आणि यजमानांना वाईट वाटू नये म्हणून चहासारखं फुंकून फुंकून पीत.

हे पक्कं ठाऊक होतं ते एकट्या शिलाईकाकूंना, म्हणजे कवींच्या बायकोला. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं मशीन होतं. पँट आखूड करायची, चेन बदलायची, पडद्याला पट्टी लावायची, असली कामं घेऊन सगळी गल्ली तिथे यायची आणि जाता जाता विचारायची, "काय काकू, काका आज शुद्धीवर आहेत ना?"

"शुद्धीवर आहेत हीच तर पंचाईत आहे," काकू दोरा दातांनी तोडत म्हणायच्या. "नसते तर भाजी तरी न कुरकुरता आणली असती!"

कवींची नोकरी कॉलेजच्या बागेत होती. काचघर त्यांच्याकडे असे, आणि काचघराच्या मागचा एक वाफा. त्या वाफ्याला जाळी, जाळीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली कवींच्या गळ्यातल्या दोरीला. माणसाच्या डोक्यात शिरणारी झाडं तिथे शिकवण्यासाठी लावलेली असत. कवी त्यांना पाणी घालत, कीड काढत, आणि मनाशी एकच गोष्ट घोळवत. माणूस समजतो आपण झाड लावलं. झाड गालातल्या गालात हसतं, कारण या माणसाच्या आज्यापासून सगळ्यांना तेच तर पाळत आलंय. त्याच्यासाठी माणसाने जंगलं तोडली, जहाजं बांधली, भांडणं केली, मैत्र्या केल्या, आणि वर ऐट ही की मालक मी. तंबाखूवरची त्यांची कविता अशी होती:

माणसाने पान खुडलं, चुरलं, पेटवलं,
आणि धुराला विचारलं, काय, कसं काय?
धूर म्हणाला, माझं झकास चाललंय,
तू उद्या कधी येतोस ते सांग.

ज्या झाडाला आपल्या हाताने पाणी घातलं नाही त्याच्यावर लिहायचं नाही, हा त्यांचा एक नियम. चाखायचं तर नाहीच नाही. "हलवायाने मिठाई खाल्ली तर विकेल काय?" असं ते म्हणत. आणि दुसरा नियम याहून विचित्र. कविता पुरी झाल्याशिवाय कागदाला शिवायचं नाही. आठवडेच्या आठवडे ती डोक्यातच फिरत राहायची. पुरी झाली की कवी मशीनशेजारच्या स्टुलावर येऊन बसत आणि ती काकूंना म्हणून दाखवत. काकू आपलं काम थांबवत नसत. मशीन चालूच. पण एखाद्या जागी त्यांचा पाय आपोआप थांबला आणि तोंडून "मग?" निघालं, की कविता पास. कवी ती शेवटपर्यंत म्हणत आणि उठून एका बैठकीत लिहून काढत. मशीन थांबलंच नाही तर ते गुपचूप उठून जात, आणि त्या कवितेचं नाव परत निघत नसे.

"मला कवितेतलं काडीचं कळत नाही," काकू सांगायच्या.

"म्हणून तर तुला ऐकवतो," कवी म्हणायचे.

अशी दोन बारकी पुस्तकं निघाली. वाचली मोजक्याच लोकांनी. त्यातल्या एका विद्वानाने छापून आणलं की या कवितांना स्वतः घेतलेल्या अनुभवाची धग आहे. ते वाचून काकू इतक्या हसल्या की हातातली शिवण उसवावी लागली. "धग कसली, गरम पाण्याची?"

एक झाड मात्र राहून गेलं होतं. अफूचं. बागेला ते लावायची परवानगी नव्हती. काचघराच्या कपाटात काचेच्या बरणीत तिची वाळकी बोंडं तेवढी होती. कवी ती बरणी पुसत, उन्हात धरून बघत आणि परत ठेवून देत. सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठी बाई ही, असं ते तिच्याबद्दल म्हणत. दुखण्याशी माणसाचा पहिला तह हिनेच घडवून आणला, आणि त्याची भरपाईही हिनेच सर्वांत जबर घेतली. हिच्याशिवाय आपलं सगळं लिहिणं अपुरं आहे. पण पाणी कुठे घातलंय हिला? मग लिहिणार कसं? तशीच नोकरी संपली. किल्ली परत द्यावी लागली.

नंतर पोटाचं दुखणं निघालं आणि बघता बघता पाठीच्या हाडांपर्यंत पोचलं. गल्लीला तर आयतंच सापडलं. "आम्ही म्हणत नव्हतो? एवढी व्यसनं केल्यावर दुसरं काय होणार!" काकूंनी काही जणांशी वाद घातला, मग हात टेकले. ज्याला चहा सोसत नव्हता त्याच्या बाजूने साक्ष देत बसायला आता त्यांना वेळ नव्हता. दुखणं आलं की हा शांत माणूस पलंगाची कड धरून असा काही कण्हायचा की समोरच्या दुकानदाराने एकदा रेडिओ मोठा केला. काकूंना त्या दुकानदाराचा राग आला, आणि आपणही तेच केलं असतं हे कळून स्वतःचा जास्त आला.

डॉक्टरांनी एक पातळ औषध दिलं. दवाखान्याची नर्स घरी यायची, तिने मापाचा चमचा दाखवला. हे अफूपासूनच निघतं, पण घाबरायचं कारण नाही, असंही ती म्हणाली.

कवींनी बाटली मागून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली, बरणी धरत तशी. "आलीस का शेवटी?" ते म्हणाले. "आयुष्यभर मी हिच्याकडे जायला बघत होतो. ही आपल्या पायांनी घरी आली. आता हिच्यावर केलंच पाहिजे."

पहिल्या दिवसांत औषधाने फार बरं वाटलं. कवी गाढ झोपले, तोंडावर रंग आला, काकूंचा जीव भांड्यात पडला. पण जाग आल्यावर कवी चाचपडल्यासारखं करू लागले. "चार ओळी जमल्या होत्या गं. कुठे गेल्या?" दुसऱ्या दिवशी पुन्हा जमवल्या. चमचा झाला, झोप झाली, पुन्हा गेल्या.

"अहो, लिहून ठेवा ना मग! की मी लिहू?"

"अर्धवट लिहिली की ती तेवढीच राहते. कच्चं खुडलं की पिकत नाही."

"अख्खा जन्म गेला नियम पाळण्यात. एकदा मोडा की!"

काकूंच्या समाधानासाठी त्यांनी एकदा मोडून पाहिला. कागदावर एक ओळ लिहिली आणि तिच्याकडे बघत बसून राहिले. दुसरी आलीच नाही. त्यांनी कागद काकूंच्या हातात दिला. "बघ," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा बघून काकूंना आपणच काहीतरी तोडलं असं वाटलं.

मग करार झाला. संध्याकाळचा चमचा घ्यायचा. सकाळचा कविता होईपर्यंत नाही, म्हणजे रात्री गेलेल्या ओळी सकाळी पुन्हा जमवता येतील. काकूंनी हो म्हटलं, कारण कवींनी त्यांच्याकडे आजवर कधी काही मागितलं नव्हतं.

नर्सला हे कळल्यावर ती चिडली. "काकू, दुखण्याला पुढे जाऊ द्यायचं नसतं. एकदा चढलं की ते आवरत नाही. वेळच्या वेळी द्या."

"ते घेत नाहीत गं."

"बाटली तुमच्या हातात आहे ना?"

बाटली हातात होती हे खरंच. काकू रोज सकाळी ती हातात घेऊन पलंगाशी जायच्या, आणि कवी भिंतीकडे तोंड फिरवायचे. टॉवेलचं टोक दातात धरायचे, मधेच ते काढून ओठ हलवायचे, पुन्हा धरायचे. काकू परत मशीनवर यायच्या. ते कण्हणं कानावर पडू नये म्हणून पाय जोरात मारायच्या. एकाच पडद्याची एकच शिवण त्यांनी घातली, उसवली, पुन्हा घातली. इकडे आड, तिकडे विहीर. चमचा दिला तर माणूस वाचतो दुखण्यातून, पण ज्यासाठी तो जगत होता ते जातं. नाही दिला तर ते राहतं, आणि माणूस असा डोळ्यांदेखत पिळवटतो. आणि विचारायचं कोणाला? ज्यांना विचारायचं तेच टॉवेल चावत पडलेले.

"किती झाली हो?" संध्याकाळी त्या विचारायच्या.

"थोडीच राहिली."

डॉक्टरांनी चमच्याचं माप वाढवलं, तरी "थोडीच" काही सरेना.

एका सकाळी कवींनी हाक मारली. आवाज बारीक होता, पण त्यात पूर्वीची घाई होती. "अगं, तयार आहे. मशीन इकडे ओढ."

काकूंनी मशीन फरफटत पलंगाजवळ आणलं. औषधाची बाटली आणि चमचा त्याच्या फळीवर ठेवला, कविता संपली की लगेच देता यावा म्हणून. आज हे सगळं संपेल, असं त्यांना वाटलं.

"गप्प बसून ऐकू नकोस," कवी म्हणाले. "मशीन चालव. नेहमीसारखं."

काकूंनी हाताला आलं ते कापड सुईखाली सरकवलं आणि पाय मारला. कवी छताकडे बघत म्हणू लागले:

तू दुखणं नेत नाहीस, बाई,
दुखणाऱ्यालाच नेतेस जरा बाजूला,
बसवतेस आपल्या शेजारी,
हात हातात घेतेस,
आणि विचारतेस...

मशीन थांबलं. काकूंनी थांबवलं नव्हतं, पायच थांबला होता. "मग?" त्या म्हणाल्या. मुद्दाम नाही, कवींचं मन राखायला नाही. त्यांना खरंच पुढचं हवं होतं.

कवींनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. त्यांना हसू आलं होतं, पण ते ओठांवर यायच्या आत पाठीतून कळ आली. असली कळ काकूंनी याआधी पाहिली नव्हती. कवींचं अंग कमानीसारखं वर उचललं गेलं, डोळे पांढरे झाले, हाताने पलंगाची चादर ओढली ती थेट खाली आली. काकूंनी चमचा भरला. का भरला ते त्यांना विचारू नये. कवींनी एक बोट वर केलं. थांब, असं म्हणायचं असेल. किंवा लवकर, असं. मग त्यांनी तोंड उघडलं.

पुढची ओळ म्हणायला उघडलं की चमच्यासाठी, ते काकूंना कधीच कळलं नाही. त्यांनी चमचा आत घातला.

कळ ओसरायला बराच वेळ लागला. तोवर काकू त्यांचे पाय दाबत राहिल्या आणि त्या पाच ओळी मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. त्यांना साधं दुकानाचं सामान लक्षात राहत नसे, पण या पडू द्यायच्या नाहीत असं त्यांनी ठरवलं होतं. हळूहळू कवींच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. हात सैल झाले. डोळे उघडले तेव्हा ते अगदी निवांत होते.

"अहो, पुढे काय होतं?"

"कशाच्या पुढे?"

काकूंनी धीर धरून ओळी म्हणून दाखवल्या. अडखळत, एक शब्द मागेपुढे न होऊ देता. आणि विचारतेस, इथवर आल्या आणि थांबल्या.

कवी लक्ष देऊन ऐकत होते. काचघरातलं नवं पान बघताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला होता.

"छान आहे," ते म्हणाले. "कोणाची?"

"तुमचीच की हो."

"छे!" ते हसले. मग उशीवरून डोकं थोडं उचलून, डोळे मोठे करून त्यांनी काकूंना विचारलं, "मग?"

काकूंना पुढचं येत नव्हतं. कवी त्यांच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते.