उजव्या मूत्रपिंडातली वर्तुळं

डॉ. मालिनी तोरसकर यांना आम्ही सगळे ‘बाई’ म्हणतो. त्यांची माझी पहिली भेट बोरिवलीतल्या त्यांच्या दवाखान्यात झाली, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी नोकरी मागायला गेले होते. बाईंनी माझी प्रमाणपत्रं बाजूला ठेवली आणि टेबलावरचं कुत्रं दाखवून म्हणाल्या, “हात लावून सांग, काय दुखतंय याचं.” मला सांगता आलं नाही, आणि तसं मी कबूल केलं. “निदान काही ठोकून दिलं नाहीस. सोमवारपासून ये,” त्या म्हणाल्या.

तेव्हा कुत्र्यांची सोनोग्राफी कोणी करत असल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं. बाईंनी ओळखीच्या एका रेडिऑलॉजिस्टना गळ घातली आणि रविवारी दुपारी, माणसांचे पेशंट आटोपल्यावर, त्यांचं यंत्र वापरायची परवानगी मिळवली. टेबल अर्थात आम्हीच धुवायचं.

अशाच एका रविवारी गोराईच्या कृष्णाबाई तरीतून खाडी ओलांडून आपल्या राणी नावाच्या कुत्रीला घेऊन आल्या. तिच्या लघवीतून रक्त जात होतं, बरगड्या मोजता येत होत्या. दुसऱ्या एका डॉक्टरांनी पोटात गाठ असल्याचं सांगून तिला इंजेक्शन देऊन कायमचं शांत करायचा सल्ला दिला होता. कृष्णाबाईंचे यजमान गेल्यापासून घरात सोबतीला हीच.

पडद्यावर डावं मूत्रपिंड व्यवस्थित दिसलं. उजव्याच्या जागी मात्र नुसती पातळ पिशवी आणि तिच्यात लहान लहान वर्तुळं. असं मी कधी पाहिलं नव्हतं. घाईने म्हणाले, “बाई, गाठच आहे. आतून सडलीय.”

बाईंनी पोटावर टेकवलेला प्रोब हळूच फिरवला. वर्तुळं लांबली, एकमेकांशेजारी पट्टे दिसू लागले. “गाठ अशी लांब होत नाही,” त्या म्हणाल्या आणि कृष्णाबाईंकडे वळल्या, “ही खाते काय हो?”

“जाल्यातनं पडलेलं कच्चं मासं. पावसात बेडकंपन धरते. मेली ऐकतच नाय.”

“मग हा जंत असावा. कच्च्या माशा-बेडकांतून येणारा, मूत्रपिंडात शिरून ते खाणारा. मी पुस्तकात वाचलाय, डोळ्यांनी पाहिलेला नाही.”

दुसऱ्या दिवशी लघवीच्या नमुन्यात जंताची अंडी सापडली. बाईंनी कृष्णाबाईंना समोर बसवलं. “उजवं मूत्रपिंड काढावं लागेल. डाव्यावर ती जगेल. पण टेबलावर दगावूही शकते. खोटा धीर देणार नाही.”

कृष्णाबाई म्हणाल्या, “तुमी सोता कराल ना? मंग काढा.”

त्या पिशवीतून लालभडक जंत निघाले, त्यातला एक हातभर लांब. राणी वाचली, पण तीन दिवस तिने कशाला तोंड लावलं नाही. रोज तरीतून ने-आण करणं शक्य नव्हतं, म्हणून बाईंनी दोघींना आपल्या दोन खोल्यांच्या घरी ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी राणीने भात खाल्ला. कृष्णाबाईंनी पदराने डोळे पुसले. बाई हात धुवायला म्हणून आत गेल्या, त्या बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

पुढे पशुवैद्यकांच्या एका बैठकीत बाईंनी ही हकिगत मांडली. कोणीतरी विचारलं, “प्रथमदर्शनी काय वाटलं होतं?” मी मान खाली घातली.

“गाठ वाटली होती,” बाई शांतपणे म्हणाल्या. “आमची चूक होत होती.”

आम्हा दोघींत गाठ म्हणणारी मी एकटीच होते. बाईंनी तो विषय माझ्याजवळही पुन्हा कधी काढला नाही.

आज बाई पंचाहत्तर वर्षं पूर्ण करत आहेत. गुडघे त्रास देतात, पण एखादं न उलगडणारं सोनोग्राफीचं चित्र घेऊन गेलं, की ते हातात घेण्याआधी विचारतात, “जनावर कसं आहे?” बाई, आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आमचेही केस आता पिकले. तरी घाईने काही बोललो, तर रागवायला आपण समोर असावं, एवढं आमच्या स्वार्थाचं मागणं.