चांगुणाचा कच्चा फोटो

गोटीराम भोयेच्या स्टुडिओची आणि माझ्या फ्रेमच्या दुकानाची भिंत एकच. पेठ नाक्यावर तो फोटो काढायचा, मी काच बसवायचो आणि दोघांचं पोट लग्नसराईवर चालायचं.

सुरगाण्याकडचा हा गडी नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला नाशकात आला, तो एका स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल चालवायला. निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी शिसं घासलं की छापताना चेहरा उजळ येतो. नवरीला गोरी करायचं काम त्याच्या हाताला लागलं ते तेव्हापासून. पुढे स्वतःचा स्टुडिओ टाकला, दोन हजार सालाच्या आसपास कॉम्प्युटर घेतला, फोटोशॉप शिकला आणि पेन्सिलीचं सगळं काम एका बटणावर आणून ठेवलं. एफ-टू दाबलं की कातडी उजळायची, पुरळ, व्रण, डाग सगळं पुसलं जायचं. त्यात डोळेही धुरकट व्हायचे, म्हणून मग ब्रश घेऊन डोळे, केस आणि दागिने तेवढे परत आणायचे. क्रम ठरलेला.

मी म्हणायचो, "अरे, अख्ख्या तालुक्याला एकच कातडी चढवलीस की!"

"काळा फोटो गिऱ्हाईक परत आणून आपटतं, शेठ," तो म्हणायचा. "गोरा कोणी आणला नाय अजून."

खोटं नव्हतं ते. माझी बायकोसुद्धा त्याच्याकडेच फोटो काढायची आणि आठवडाभर आरशापेक्षा फोटोकडे जास्त बघायची.

दोन हजार सहाला त्याने मोठा डिजिटल कॅमेरा घेतला. त्यात रॉ फोटो निघायचे; गोटीराम त्यांना कच्चे फोटो म्हणायचा. कॅमेऱ्याने जे पाहिलं ते सगळं त्यात असायचं, पण ती फाइल त्याच्या जुन्या फोटोशॉपमध्ये उघडेना. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागायचं आणि त्यात उजेडाच्या, रंगाच्या पट्ट्या सरकवत बसावं लागायचं. गोटीराम वैतागला. "हे शिकत बसलो तर सीझन जाईल," म्हणाला. मग त्याने खटपट करून एक सोय बसवली. नव्या सॉफ्टवेअरने कच्चे फोटो नुसते पिकवून, म्हणजे साध्या फोटोत बदलून, एका फोल्डरमध्ये टाकायचे आणि तिथून फोटोशॉपने आपोआप उचलून त्यांच्यावर एफ-टू चालवायचं. जुन्या घराला पुढे पडवी काढावी तसं. घर तेच राहिलं.

ही सोय बसवताना चाचणीला माणूस हवा होता. त्याची बायको चांगुणा दुपारी फुलेनगरातून डबा घेऊन यायची. तिला तो स्टुलावर बसवायचा, फोटो काढायचा, आत जाऊन बघायचा, पुन्हा बाहेर यायचा. ती बिचारी बसून. "आधी जेवून घ्या ना," एवढंच म्हणायची.

पुढच्या वर्षी भाद्रपदात चांगुणाला कावीळ झाली आणि आठवड्याच्या आत ती गेली. मूलबाळ नव्हतं.

गोटीराम रडला नाही. दोन-तीन दिवसांतच त्याने शटर उघडलं. मी चहा पाठवला, तो प्यायला. काही विचारलं तर उत्तर द्यायचा, नाही विचारलं तर तसाच बसून राहायचा. मला त्याचा राग आला, खोटं कशाला सांगू? माणूस रडतो, भांडतो, दारू पितो. हा नुसता दगड. दहाव्यासाठी फोटो करायला बसला तेव्हा मी मागेच उभा होतो. भाचीच्या लग्नातला फोटो उघडला, एफ-टू दाबलं, ब्रश घेतला, डोळे आणले, केस आणले, मंगळसूत्र आणलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी तो फ्रेम केला आणि मलाही त्यात काही खटकलं नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी चांगुणाची आई कुसाबाई सुरगाण्याहून जीपने आली. नाक्यावर उतरली ती सरळ स्टुडिओत. फ्रेम हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि खाली ठेवली.

"ही कोण?"

"चांगुणा," गोटीराम म्हणाला.

"ही माझी पोर नाय. हनवटीवरलं गोंदण कुठं हाय तिचं? माझ्याजवळ तिचा एक बी फोटो नाय, बाबा. घरी न्यायचा म्हणून आले. ही बाई मी नाय नेणार."

गोटीराम उठला. घरून लग्नाचा अल्बम आणला. त्यात पेन्सिल फिरलेली होती. कॉम्प्युटरमधले सणावाराचे, लग्नाकार्यातले फोटो उघडले, तर सगळ्यांवर एफ-टू. हनवटीवरचे ठिपके डागांबरोबर गेले होते. डिस्क भरू नये म्हणून जुन्या फोटोवरच नवा सेव्ह करायची त्याची सवय. एक फोटो धड सापडेना आणि म्हातारी दारात बसून वाट बघत होती.

"चाचणीचे कच्चे आहेत," तो शेवटी म्हणाला. कच्च्या फाइलवर काही सेव्ह होत नाही.

त्याने एक निवडली, सवयीने पुढे पाठवली आणि चांगुणा गोरी होऊन बाहेर आली. त्याने पुन्हा पाठवली. पुन्हा गोरीच.

"अरे बाबा, पुढे पाठवू नकोस!" मी ओरडलो. "इथेच थांब ना! इथूनच छाप!"

त्याने माउसवरचा हात काढला. नव्या सॉफ्टवेअरमध्ये चांगुणा स्टुलावर बसली होती. चांगली काळीसावळी, कपाळावर घाम, मांडीवर डब्याची पिशवी, हनवटीवर तीन हिरवट ठिपके. कंटाळलेली. गोटीरामने एकही पट्टी हलवली नाही. प्रिंट निघाली तशी मी जुना फोटो काढून तिथे ही बसवली.

कुसाबाईने काचेवरून हनवटीपाशी अंगठा फिरवला. "हे गोंदताना लय रडली होती. गोंदणारणीच्या हाताला चावली."

गोटीरामने मान वर केली. "मला नाय सांगितलं कधी तिनं."

"तू इचारलं नसशील."

"नाय इचारलं," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला, पहिल्यांदाच. "आणखी सांगा ना, आई. आणखी कशी होती?"

"आता कशाला?" कुसाबाई म्हणाली आणि तिने फोटो पदराखाली घेतला.