रांजणाखालचा रोल

आमच्या घरात कॅमेरा आला तो भावाच्या शर्टाच्या खिशातून. भाऊ सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता आणि वर्षातून एकदा, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी यायचा. आमचं गाव धुळ्यापासून एसटीनं तासाभरावर. त्या वर्षी तो ओट्यावर टेकला, पाणी प्यायला आणि खिशातून साबणाच्या वडीएवढी काळी वस्तू काढून त्यानं आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, हातावर ठेवली. आबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, कानाला लावली आणि विचारलं, "हाऊ रेडू शे का?" मी आणि शेजारच्या पोरी हसून लोळलो.

तोवर आम्हाला फोटो म्हणजे धुळ्याचा स्टुडिओ. नवे कपडे, तेल लावून चोपलेले केस, मागे पडद्यावर रंगवलेलं कारंजं आणि 'हलू नका' म्हणून दम देणारा माणूस. तेही ज्यांच्या घरात हौस असेल त्यांनाच. आमच्या भिंतीवर फोटो होते ते फक्त गेलेल्या माणसांचे, वरून चंदनाचा हार घातलेले. मला लहानपणी वाटायचं की माणूस मेल्यावरच त्याचा फोटो निघतो.

हा कॅमेरा चालवायला काही येत असण्याची गरजच नव्हती. झाकण सरकवायचं, भोकातून बघायचं, बटण दाबायचं. पुढचं सगळं तो स्वतःच करायचा, गुर्र आवाज करत. पण भाऊ मात्र मोठ्या इंजिनिअरच्या थाटात वागत होता. रोल महाग, फोटो मोजके, कुणी उधळायचे नाहीत. बैलजोडीचा एक, आबांचा पागोटं घालून एक, मारुतीच्या पारावर त्याच्या मित्रांचा एक. मित्रांचे मात्र बरेच निघाले, हे मी पाहत होते. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते आणि घरात सगळ्यांवर लक्ष ठेवण्यापलीकडे मला काही काम नव्हतं.

आखाजीला अक्का आली. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. जामनेरकडे दिलेली, लग्नाला दोन वर्षं होत आलेली. आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरींनी माहेरी यायचं, निंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसायचं, सांजोऱ्या खायच्या आणि कामाला हात लावायचा नाही. अक्का आली ती वाळलेली. माय म्हणाली, उन्हाचा प्रवास झाला. अक्काही तेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी झोक्यावर उभं राहून तिनं असा काही झोका घेतला की शेजारच्या पोरींनी ओरडून डोळे झाकले. भावानं तिचे झोक्यावरचे फोटो काढले. एक माझ्याबरोबर काढला. एकात ती आंबा चोखत होती आणि कोपरापर्यंत रस ओघळला होता. तो काढू नको म्हणून ती कॅमेऱ्याच्या अंगावर धावून आली होती.

आमच्याकडे तिचा एकही फोटो नव्हता. लग्नाचे होते, पण ते सासरच्यांनी काढून घेतलेले, त्यांच्याच कपाटात. म्हणून माय भावाच्या मागे लागली होती, माझ्या पोरीचे जास्त काढ. मायनं कुठल्या गोष्टीसाठी हट्ट धरलेला मी तेवढाच पाहिला.

शेवटचा एक फोटो भावानं राखून ठेवला होता. संध्याकाळी सगळ्यांनी ओट्यावर बसायचं आणि घरचा एकत्र फोटो काढायचा, असं ठरलं होतं. दुपारी भाऊ जेवून आडवा झाला आणि अक्कानं हळूच कॅमेरा उचलला. माय चुलीपुढं सांजोऱ्या तळत बसली होती. अक्का दारात उभी राहून एक डोळा मिटून नेम धरू लागली.

"मना काय फोटू काढस वं, हात पीठना शेतस मना," असं म्हणत माय हसायलाच लागली. पदर तोंडाशी न्यायचा तर हाताला पीठ, म्हणून ती नुसतीच तोंड वर करून हसत राहिली.

भाऊ जागा होऊन ओरडला, "अक्का, बोट काढ! बोट ई ऱ्हायनं पुढे!"

तोवर तिनं दाबलं होतं. लगेच कॅमेरा आपला आपण रोल गुंडाळायला लागला आणि त्याचा आवाज थांबेचना. अक्का घाबरली. "मोडना का काय?" म्हणाली. भाऊ कपाळावर हात मारून म्हणाला, राखून ठेवलेला फोटो गेला, त्यात नुसतं तुझं बोट येणार. अक्काला हसू आवरेना. ती हसता हसता खाली बसली आणि मायच्या खांद्यावर डोकं टेकलं. संध्याकाळचा एकत्र फोटो राहिला तो राहिलाच.

भावानं रोल काढला. त्याची काळी प्लास्टिकची डबी अक्काला आवडली. "हाई डबी माले दे भाऊ, कुंकू भरी लई जासू," ती म्हणाली. झाकण कसं घट्ट बसतं ते तिनं मला दोनदा दाखवलं. भावानं डबी दिली. सुरतेला निघताना रोल मायच्या हातात देऊन त्यानं सांगितलं, आबा बाजाराला गेले की धुळ्याच्या स्टुडिओत धुवायला टाकायला सांग. आणि बजावलं, "गार जागावर ठेव. उन्हायामा खराब व्हई जास."

आता खान्देशात वैशाखात गार जागा कुठली? पत्र्याखाली हात लावू तिथं चटका बसतो. ट्रंक तापते, कोनाडा तापतो, देव्हाऱ्यातली पितळी घंटासुद्धा तापते. घरात एकच जागा गार, रांजणाखालची ओली वाळू. विड्याची पानं, लिंबं, कोथिंबीर, सगळं माय तिथं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि ते आठवडाभर टवटवीत राहायचं. रोलही तिनं तसाच ठेवला. स्वच्छ फडकं घेतलं, रोल गुंडाळला आणि रांजणाच्या बुडाशी, सगळ्यात गार जागी, वाळूत पुरला. वर पाण्याचा हबका मारायलाही ती विसरली नाही. रोज पाणी भरताना मारायची.

आबा बाजाराला जायचे आणि बियाणं आणायचे, दोर आणायचे, फोटोचं विसरायचे. मग पेरणी आली. पेरणीत फोटो कोणाला सुचतो? फोटो काय पळून जातात, असंच सगळ्यांना वाटलं.

श्रावणात जामनेरहून माणूस आला. अक्काला कावीळ झाली होती. घरगुती औषध चालू होतं, जळगावला हलवायचं ठरत होतं, आणि ठरेपर्यंत सगळं संपलं. ठरत होतं! हा शब्द मला आजही ऐकवत नाही. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात लोक तिरडी उचलायच्या तयारीत होते. मायला तिचं तोंड नीट पाहूही दिलं नाही.

भाऊ सुरतेहून आला. रडणं झालं, दहावं-तेरावं तिकडे झालं, आणि एका सकाळी माय एकदम उठून रांजणाशी गेली. तिनं दोन्ही हातांनी वाळू उकरली आणि फडकं काढलं. फडक्याला बुरा आला होता. तिनं ते तसंच भावापुढं धरलं. तिच्या तोंडावर आशा होती, आणि तीच मला बघवत नव्हती.

भावानं फडकं सोडलं, आतून पाणी निथळलं, आणि त्याचा तोल सुटला. "वाळूत कोनी रोल ठेवस का, माय?"

माय गोंधळून म्हणाली, "तूच सांगेल व्हतं ना रे भाऊ, गार जागावर ठेव."

भाऊ उठला. ओट्याच्या कडेला जाऊन पाठ फिरवून बसला. मायची चूक कुठली, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. तिला जे जपायचं असे ते ती तिथंच ठेवायची.

भाऊ आणि मी धुळ्याला गेलो. स्टुडिओवाल्यानं रोल हातात घेऊन त्याची ओली कड नखानं चाचपली. मग म्हणाला, प्रयत्न करतो, पण आशा धरू नका. पुन्हा गेलो तेव्हा त्यानं एक पाकीट पुढं सरकवलं. रोल आत गुंडाळला जातो तेव्हा आधीचे फोटो बाहेरच्या वेढ्यात राहतात, ते सगळे चिकटून सोलून निघाले. अगदी आतलं एक टोक तेवढं वाचलं. झोक्यावरची अक्का गेली, आंबा खाणारी गेली, माझ्या शेजारी उभी असलेली गेली. एकच फोटो हाती आला. चुलीपुढं बसलेली माय तोंड भरून हसत होती आणि उजवीकडचा सगळा कोपरा एका गुलाबी, धुरकट डागानं झाकला होता. पैसे घ्यायला स्टुडिओवाला तयार नव्हता.

एसटीत भाऊ तो फोटो मांडीवर ठेवून बसला. गाव येईपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

मायनं फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग पदरानं पुसून देव्हाऱ्यात ठेवला. आम्हाला वाटलं, तिला कळलंच नाही तो डाग कसला ते.

लग्नाचा अल्बम मागायला आबा जामनेरला जाऊन आले. दाजींचं दुसरं लग्न ठरलं होतं. अल्बम सापडत नाही, म्हणाले. सापडत नाही! अल्बम म्हणजे काय सुई आहे? आबा पाणीही न पिता परतले, एवढंच त्यांच्या हातात होतं.

पुढची आखाजी आली. निंबाला झोका बांधला गेला, मी त्याच्याकडे फिरकले नाही. आखाजीला सकाळी पितरांच्या नावानं घागर भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, सांजोरी ठेवतात, आणि घरचा कर्ता एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेत उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतो. आबा पाटावर बसले. आजोबांचं बोट ओढलं, आजीचं ओढलं, लहानपणी गेलेल्या काकाचं ओढलं. आबांचा हात थांबला.

माय आबांना म्हणाली, "आते मनी पोरनं बोट."

आत्या, आबांची मोठी बहीण, सणाला आलेली होती. ती चटकन म्हणाली, "देयेल पोरनी घागर तिना सासरले ऱ्हास. आठे नही." स्वतःही अशीच सासरी देयेल पोर, माहेरच्या ओट्यावर पाय पसरून बसलेली! पण रीत तीच होती आणि आबांना ती ठाऊक होती. ते खाली बघत राहिले.

माय उठली. देव्हाऱ्यातून फोटो आणला आणि घागरीला टेकवून ठेवला. आत्या किंचाळलीच. "काय करस वं? जित्ता माणूसना फोटो कोनी घागरजोडे ठेवस का? सणना दिवस तुना सोताना फोटो!"

"हाऊ मना नही शे," माय म्हणाली. ती खाली वाकली आणि आपल्या हसऱ्या तोंडावर तळहात ठेवून तिनं तेवढं झाकून टाकलं. उरला तो गुलाबी कोपरा. "हाई मनी पोरनं बोट शे."

आत्यानं पसरलेले पाय आवरून घेतले. आबांनी वाटीत बोट बुडवलं, अक्काचं नाव घेतलं आणि काकाच्या शेजारी आणखी एक बोट ओढलं.