काचेच्या फळ्यावरची यादी

पोर्टल पाच वाजता बंद होणार होतं. बारा वाजून गेले होते आणि प्रणाली फोन उचलत नव्हती.

मी जबलपूरच्या एका विद्यापीठात विद्यार्थी सहायता कक्ष सांभाळते. नव्या मुलांना इथं रुळायला मदत करायची आणि फी झेपत नाही त्यांचे स्कॉलरशिपचे फॉर्म मार्गी लावायचे, हे माझं काम. मुलं फॉर्म ऑनलाइन भरतात आणि कागद आम्हाला आणून देतात. आम्ही ते तपासून आमच्या लॉगिनमधून फॉर्म 'लॉक' करतो. लॉक झाला नाही, तर भरलेला फॉर्म नुसता पडून राहतो. प्रणालीचा तसाच पडला होता.

रांझी वस्तीत तिच्या घरी फोन लावला. वडील तिथल्या फॅक्टरीत ठेकेदाराकडे कामाला.

"फॉर्म तर जमा केला म्हणे पोरीनं," ते म्हणाले. "काहून मॅडम, काही गडबड झाली का?"

मी "नाही, नाही" म्हणत फोन ठेवला. स्कॉलरशिप नाही मिळाली तर पोरीला कॉलेज सोडावं लागेल, हे त्यांनीच मला ॲडमिशनच्या वेळी सांगितलं होतं.

आमच्या विभागप्रमुखांकडे गेले. सरांनी फाइलमधून मान वर केली नाही. "मैडम, बाकी सबके लॉक हो गए न? एक बच्ची के पीछे कितना भागेंगी?"

भागलेच. लायब्ररी झाली, लॅब झाली. शेवटी सापडली कँटीनमध्ये, तीन मैत्रिणींबरोबर डबा खात. हसत होती. पहिल्या सेमिस्टरला हीच मुलगी जिन्यात एकटी बसून जेवायची. तिला या मुलींच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये घ्या म्हणून मीच मागे लागले होते. मला बघताच तिचं हसू गेलं.

व्हरांड्यात आणून विचारलं, "कागद कुठे आहेत?"

"बॅगमध्येच आहेत."

"मग दिले काहून नाही?" रागात माझीही घरची बोली बाहेर आली.

ती समोरच्या काचेच्या फळ्याकडे बघत राहिली. गेल्या वर्षी स्कॉलरशिप मिळालेल्यांची यादी अजून तिथं होती. नाव, वडिलांचं नाव, जात.

"माझं बी नाव तिथं लागंल ना, मॅडम? मैत्रिणींना मी मराठी आहे, एवढंच मालूम आहे. त्यातली एक तर कोटेवाल्यांवर काय काय बोलत राहते. मी चुपचाप ऐकून घेते."

ती यादी मीच करते. जातीचा रकानाही माझाच. सारख्या नावांतून मुलांना आपलं नाव पटकन सापडावं म्हणून घातलेला. मीही रांझीचीच, तिच्याच समाजाची. शाळेत कुणी जात विचारली, तर 'आम्ही नागपूरकडचे' एवढ्यावर मीही वेळ मारून नेत असे. मला स्वतःची लाज वाटली.

"तुझं नाव नाही लावणार, बेटा."

"आधी ती यादी काढा."

फळ्याची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई जेवायला गेलेला. तो आला तेव्हा तीन वाजून गेले होते. मी यादी काढत होते, तेवढ्यात सर आले.

"ये क्या? लिस्ट लगाना ज़रूरी है।"

"सर, सर्कुलर में बच्चों को सूचना देना लिखा है। जाति चिपकाना कहीं नहीं लिखा।"

"तो अब तक आप क्यों चिपकाती रहीं?"

मी यादीची घडी घातली आणि फळ्याला कुलूप लावलं.

प्रणालीनं कागद दिले. तपासून लॉगिन केलं, तर सर्व्हर नुसता गोल फिरत बसला. दोनदा लॉगिन उडालं. ती दारात नखं खात उभी. घाईत माझा पासवर्ड चुकला. पाचला सात मिनिटं कमी असताना फॉर्म लॉक झाला.

स्कॉलरशिप आली. प्रणाली आता शेवटच्या वर्षाला आहे. मैत्रिणींना तिनं काय सांगितलं, ते मी विचारलेलं नाही.

आता आम्ही यादीऐवजी ज्याच्या त्याच्या फोनवर मेसेज पाठवतो. यादी बंद झाली, त्याच्या पुढच्याच वर्षी काही सीनियर मुलं कागद घेऊन आली. त्यांनी आधी कधीच अर्ज केला नव्हता. मी माझं जुनं रजिस्टर उघडलं. त्यांच्या नावांपुढे माझ्याच अक्षरात शेरा होता: 'वारंवार सांगूनही अर्ज नाही. निष्काळजी.'