आवतणाची दुसरी फेरी

वाचनालयाच्या दारात आमचे हवालदार चपला काढायचे, पुन्हा घालायचे, पुन्हा काढायचे. मग कुणाकडे न बघता कोपऱ्यातल्या खुर्चीत. फौजेतून पेन्शन घेऊन उंब्रजला आलेला हा सहा फुटी गडी माणसांना भ्यायचा, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. वाचनालयात यायला लागण्याआधी वर्षभर तर ते घरात नुसते पडून होते.

डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर त्यांना एक पुस्तक वाचायला सांगितलं होतं. आपले विचार तपासून उदासी आणि लोकांची भीती कशी घालवायची, त्याचं. मी इथली ग्रंथपाल; ते नेताना त्यांनी मला वहीत ‘ऊस लागवड’ असं लिहायला लावलं. मीही लिहिलं. मग गावातले दोघे-तिघे ते उसाचं पुस्तक कधी परत येतंय म्हणून महिनाभर विचारत राहिले.

डॉक्टरांच्या त्या पुस्तकातला एक प्रश्न हवालदारांच्या तोंडी बसला. “लोक हसत्यात मला,” असं म्हणायचे आणि लगेच स्वतःलाच विचारायचे, “पुरावा काय हाय?” पुढे पाऊस येईल म्हटलं तरी पुरावा मागू लागले.

अशात मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडे आवतण घरोघर जाऊन द्यावं लागतं. मोबाइलवर पत्रिका पाठवली तर भावकी मांडवात फिरकत नाही. चुलते जातील, असं मुलगी म्हणाली.

“बाप जित्ता हाय की,” हवालदार म्हणाले.

पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्यांनी घरांची यादी केली, सोपं आधी, अवघड शेवटी. दिवसभरात एकवीस घरं आणि एकवीस चहा झाले. संध्याकाळी घामाघूम होऊन वाचनालयात आले. मी माझी पत्रिका मागितली. त्यांनी पिशवी उघडली, तर सगळ्या पत्रिका आतच. घाबरून लग्नाचं सांगायचंच राहिलं होतं.

मला हसू आवरेना. मग तेही हसले, मी पहिल्यांदाच पाहिलं.

“आता परत फिरायचं. पर समदी वळखीची झाली की, मॅडम.”

लग्नाला मांडव पुरला नाही. आता गावात कुणाचंही कार्य असलं की हवालदार तिथे, आणि आमची कोपऱ्यातली खुर्ची रिकामी.

पुस्तक त्यांच्या मुलीनं आणून दिलं. आत ती यादी राहिली होती. प्रत्येक घरापुढे भीतीचे दहापैकी आकडे, पहिल्या फेरीचा आणि दुसऱ्या फेरीचा. सगळ्यात शेवटी, सगळ्यात अवघड जागी, लिहिलं होतं: ‘वाचनालयातल्या मॅडम. दहा. दोन.’

इतके दिवस मला वाटायचं, माझ्याकडे त्यांना बरं वाटतं म्हणून येतात. हा माणूस रोज दहापैकी दहा भीती घेऊन माझ्या दारात चपला काढत होता. मला फार भरून आलं.

हल्ली दारात कुणी चपला काढून पुन्हा घालू लागलं, की मी वहीत मान घालते आणि त्याला आत येऊ देते.