परक्या गावातला हुंकार

आयर्लंडमध्ये लेकीच्या गावी गोष्टी सांगण्याचा उत्सव होता. हॉलमध्ये एक म्हातारबाबा आयरिशमधून गोष्ट सांगत होते आणि सगळे गप्प बसून ऐकत होते. माझ्या तोंडून मात्र सवयीनं मोठ्यानं "हं" निघून गेलं. लहानपणी हुंकार दिला नाही, तर आई गोष्ट तिथंच थांबवायची.

"आई, अगं, हळू!" लेक कुजबुजली.

मी ओशाळले. म्हातारबाबा थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी हळूच पुन्हा म्हटलं, "हं." ते हसले, गोष्ट पुढे निघाली. मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. पण सांगणाऱ्याला बहुधा एवढंच हवं असतं, समोर कोणीतरी जागं असावं. मी मनोमन त्यांना हात जोडले. आई गेल्यापासून माझ्या हुंकारासाठी कोणाचीच गोष्ट अडली नव्हती.